न मागता मांडलेल्या खुर्च्या

३ फेब्रुवारी

ति. वन्सं,

नमस्कार. पाकीट बघून दचकाल, कारण आपलं बोलणं नेहमी फोनवर होतं. पण फोन दुकानात आहे आणि फोनच्या शेजारी हे बसलेले असतात. मी जे लिहिते आहे ते ह्यांच्या कानावर जायला नको. उत्तर शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवा. त्यांना मी काही सांगितलेलं नाही आणि त्यांनी विचारलेलंही नाही, हे त्यांचे उपकारच.

ह्यांचं पोट गेलं वर्षभर दुखतंय. हे त्याला ऍसिडिटी म्हणतात आणि गोळी चघळत हिंडतात. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली, तेव्हा मी हट्टानं तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट आणायला मीच गेले, कारण हे म्हाताऱ्या सुताराला टेम्पोत घालून तुमच्या शहरातल्या हॉस्पिटलात गेले होते. डॉक्टरांनी कंपाउंडरला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि मला प्यायला पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी समजले. जठरात गाठ आहे आणि ती वाईट आहे. लवकर ऑपरेशन झालं तर आशा आहे, पण ते इथं होत नाही.

तुम्ही त्याच हॉस्पिटलात मेट्रन होतात. तुमच्या शब्दावर अजून तिथं माणसं उठून उभी राहतात असं हेच कौतुकानं सांगतात. एक कॉट मिळवून द्या.

तुम्हाला इकडं येऊन बरीच वर्षं झाली म्हणून लिहिते. तुमच्या भावाचा धंदा तोच आहे, खुर्च्या, मांडव आणि ताडपत्र्या भाड्यानं द्यायचा. गाव ह्यांना 'खुर्चीवाले' म्हणतं आणि निवडणूक न लढवता खुर्ची मिळवलेला गावातला एकच माणूस म्हणून चेष्टाही करतं. पण धंद्यापेक्षा धंद्याबाहेरचंच जास्त. कुणाकडे माणूस गेलं की ह्यांच्या खुर्च्या तिथं हजर, भाडं घ्यायचं नाही. निरोपाची वाट बघायची नाही, हा ह्यांनी घालून दिलेला नियम. आपला कामगार पैलवान (अंगात मूठभर मांस नाही म्हणून पैलवान) ह्यांच्याकडून हेच शिकलाय. घरातल्या बाईला काही विचारायचं नाही, तिला तोंड उघडायला लावायचं नाही. खुर्च्या मांडायच्या, पाण्याचं पिंप ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं. त्यामुळे गावात आता बातमी सांगावी लागत नाही. दारात खुर्च्या लागल्या की लोक दुकानांची दारं ओढून घेऊन चालू लागतात.

अशा माणसाला मी कसं सांगू? आम्हाला मूलबाळ नाही. देवाखालोखाल तुम्हीच.

तुमची,
वहिनी

८ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. रडायला मला वेळ नाही, म्हणून कामाचं लिहिते.

सर्जनना भेटले. गुडघे सुजलेत, तरी तीन मजले चढून भेटले, लिफ्ट बंद होती. ते म्हणाले, महिना संपायच्या आत आणा, नंतर मी हात लावणार नाही. एकवीस तारखेपासून कॉट धरून ठेवते. वॉर्डची सिस्टर माझ्या हाताखाली शिकलेली आहे, ती मला नाही म्हणणार नाही.

आता दुसरं. त्याला सांग, आणि आजच सांग. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकाही पेशंटशी खोटं बोलले नाही. ज्याचं शरीर त्याला आधी कळलं पाहिजे. तुम्ही लोक पदराआड सगळं झाकून ठेवता आणि मग ऑपरेशन टेबलावर माणसाला कळतं की आपण कुठं आलो. तो काय लहान आहे? मिशा पांढऱ्या झाल्या त्याच्या.

तू जेवतेस ना?

ताई

१२ फेब्रुवारी

ति. वन्सं,

सांगायचा प्रयत्न केला. दुपारी जेवायला बसले तेव्हा म्हटलं, "डॉक्टर म्हणत होते, तुमचा रिपोर्ट..."

"डॉक्टरांना काय, पाटी लावून बसलेत म्हणजे काहीतरी म्हणायला पाहिजे," हे म्हणाले. आणि मग स्वतःहूनच किराणा दुकानदाराची गोष्ट काढली. तो मागच्या वर्षी गेला. त्याच्या मुलांनी त्याला आजार काय ते स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून त्यानं भिंतीकडं तोंड केलं ते वळवलंच नाही. हे रोज जाऊन त्याच्या पाठीशी बोलून यायचे. "चांगला सहा महिने जगला असता," हे म्हणाले. "त्याला सांगायलाच नको होतं. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो."

एवढं बोलून ताटात अर्धी भाकरी टाकून उठले. माझ्या घरात अन्न टाकलं जात नाही हे ह्यांना ठाऊक आहे. आधी कधी टाकलं नव्हतं. हात धुताना म्हणाले, "सुताराला उद्या परत आणायचंय, डबा करून दे." वन्सं, भिंतीला धरून उभे होते आणि दुसऱ्याच्या डब्याचं सांगत होते.

आता कसं सांगू तुम्हीच सांगा. स्वतःसाठी हे उंबरा ओलांडणार नाहीत. सीझन संपू दे म्हणतात, आणि ह्यांचा सीझन कधी संपत नाही. पण दुसऱ्यासाठी चप्पल न घालता धावतात. म्हणून मी देवासमोर बसून एक विचार केला आहे. तुम्ही आजारी आहात असं ह्यांना पत्र टाका. ऑपरेशन आहे, जवळ कुणी नाही, ये, एवढं लिहा. हे त्याच पावली निघतील. तिथं आल्यावर तुम्ही आणि सर्जन काय ते बघून घ्या.

खोटं आहे हे मला कळतं. त्याचा जाब देव विचारेल तेव्हा मी देईन, तुमच्यावर येऊ देणार नाही.

वहिनी

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

फोनवर बोलवेना म्हणून लिहिते. माझी तब्येत बरी नाही. चार घास खाल्ले की पोट भरतं. पहाटे उलटी होते. झंपर खांद्यावरून उतरायला लागलेत. आधी ऍसिडिटी समजून गोळ्या खात बसले, तो माझा मूर्खपणा. जठरात गाठ निघाली आहे.

एकवीसला हॉस्पिटलात दाखल व्हायचं आहे. सही करायला माणूस लागतं. वहिनीलाही घेऊन आलास तर बरं.

ये.

ताई

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दुकानात आलं, गिऱ्हाईक समोर होतं, मी त्याला खुर्च्यांऐवजी ताडपत्र्या लिहून दिल्या.

घाबरू नकोस. आयुष्यभर लोकांना सुया टोचल्यास, आता तुझी पाळी आहे. मी तिथं इतकी माणसं आणलीत की दारावरचा वॉचमन मला स्टाफ समजतो. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर मी बसतो, तशी माझी ख्याती आहे. कुणी जांभई दिली तर मी त्याला हाकलतो. तुझ्या वेळी तर श्वाससुद्धा मोजून घेईन.

तुझी लक्षणं वाचून मला जरा हसूच आलं. थोडंफार माझंही तसंच चाललंय, फक्त गाठबीठ नाही. आपल्या घराण्याचं पोटच रडकं. आई नाही का, पाणी प्यायली तरी सोडा मागायची.

तू आधी सांगितलं नाहीस याचा राग आहे, तो तू बरी झालीस की काढीन. गाठ निघाली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. वेळेवर आलेली माणसं चालत घरी जाताना मी पाहिलीत. तू वेळेवर आली आहेस.

तुझ्या वहिनीला मात्र मी काही बोललो नाही. ती फार घाबरट आहे, देवाला वेठीला धरून बसेल. नवीन ताडपत्री बघायला जातोय असं सांगितलंय. तर ती म्हणते मी पण येते. तिला ताडपत्रीत काय गोडी वाटली कोण जाणे. बघतो कसं कटवता येतं ते.

एकवीसला सकाळी नऊला टेम्पो काढतो. तोवर देवाचं नाव घे, आणि घ्यायचं नसेल तर माझं घे.

धाकटा

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

ति. वन्सं,

आम्ही येत नाही. कसं लिहू ते समजत नाही, पण तुम्ही हॉस्पिटलच्या दारात उभ्या राहून वाट बघितली असेल, म्हणून सगळं सांगते.

पहाटे ह्यांना रक्ताची उलटी झाली. डॉक्टर लगेच आले, इंजेक्शन दिलं, म्हणाले, "बाई, आज नेणारच आहात ना, मग न्याच. मी टेम्पो निघेपर्यंत इथंच थांबतो." हे वरच्या खोलीत पडून होते, ग्लानी होती. मी खाली आले आणि पायरीवर बसले. तोंडावर पदर घेतला तो काढावासा वाटेना.

तेवढ्यात पैलवान टेम्पोची किल्ली न्यायला आला. त्यानं डॉक्टरांची गाडी बघितली, मला बघितलं. मी मान वर केली असती तर, वन्सं. पण मी केली नाही, आणि त्यानं विचारलं नाही. विचारायचं नाही हे ह्यांनीच त्याला शिकवलेलं. तो गेला. मी डॉक्टरांना चहा द्यायला आत गेले. बाहेर आले तर अंगणात खुर्च्या लागलेल्या. मधे वाट सोडून दोन्ही बाजूंना रांगा, दाराकडं तोंड, कोपऱ्यात पिंप. आणि फाटकातून माणसं येत होती. शिंपीणबाई रडत होत्या. न्हावी अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक सोबत घेऊनच आला होता.

मी काही बोलायच्या आत माजी नगराध्यक्ष उभे राहिले. त्यांना उभं राहिलं की बोलावंच लागतं. "गावाचा आधार गेला," म्हणाले. "स्वतःच्या सुखाची पर्वा न करणारा, कधी कुणावर न रागावलेला..."

"अहो, ह्यातलं निम्मं खरं नाही," असं वरून ऐकू आलं.

हे खिडकीत उभे होते, गजाला धरून. सगळं अंगण उठून उभं राहिलं.

"बसा, बसा," हे म्हणाले. "भाडं नाही खुर्च्यांना."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हे खुर्च्यांकडं बघत राहिले. लग्नाच्या खुर्च्या वेगळ्या लागतात, सभेच्या वेगळ्या. त्या कशा लागल्या आहेत ते ह्यांना सांगावं लागलं नाही.

"पैलवान, कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, मालक." पैलवान म्हणाला. "डॉक्टरांची गाडी दिसली. वहिनी रडताना दिसल्या."

"मग बरोबर केलंस," हे म्हणाले आणि खिडकीतून बाजूला झाले.

मी वर गेले. पलंगाच्या कडेला बसले होते. मला म्हणाले, "काय आहे मला?" मी सांगितलं. आता न सांगून काय राहिलं होतं? सगळं ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "म्हणजे ताईला काही झालेलं नाही?" मी म्हटलं, नाही. "नक्की?" म्हणाले. आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. तुम्ही बऱ्या आहात म्हणून रडले, वन्सं.

मी म्हटलं, चला, टेम्पो तयार आहे, डॉक्टर थांबलेत. तर म्हणाले, "खाली माणसं आलीत. ती बसलेली असताना मी कसा जाऊ?" खाली उतरले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. दुपार झाली तरी उठले नाहीत. डॉक्टरांनी समजावलं, मी सगळ्यांदेखत पाय धरले. ह्यांनी मला उठवलं आणि हळूच म्हणाले, "मी नेलेली सगळीच चालत परत आली नाहीत. कितीतरी माणसं मी त्याच टेम्पोत झाकून आणलीत. वाटेत त्यांच्या बायका माझ्याकडं बघतात. तुला तसं बघायला लावणार नाही."

मला एक संधी हवी आहे, दुसरं काही नको. एवढ्याशा गोष्टीसाठी मी देवापुढं किती वाकले. मी मान वर केली असती तर आज हे तुमच्याजवळ असते.

वहिनी

२३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. मी दोन दिवस इथंच आहे, घरी फक्त झोपायला जाते.

मानेचं खूळ डोक्यातून काढून टाक. मी सांगते ते ऐक.

कॉट मी सोडलेली नाही. तिला त्याच्या नावाचा कागद लावलाय. सिस्टर सकाळी विचारायला आली, मी सांगितलं टेम्पो बिघडलाय. आज सांगितलं रस्ता बंद आहे. उद्या काय सांगायचं ते ठरवते आहे. सर्जन महिनाअखेर थांबतील. मी त्यांच्या खोलीबाहेर उभी राहते, ते मला बघून दुसऱ्या जिन्यानं जातात.

ज्याचं शरीर त्याला आधी कळलं पाहिजे असं मी तुला लिहिलं होतं. कळलं त्याला. काय झालं? बसला खुर्चीवर. आता त्याला काही विचारू नकोस. बुडणाऱ्याला कुणी विचारतं का बाहेर काढू का म्हणून? त्या खुर्च्या आधी काढून टाक. त्या दिसत राहिल्या तर तो उठणार नाही. पैलवानाला म्हणावं, उचल आणि टेम्पोत घाल. शिव्या दिल्या तर खाऊ दे त्याला. मला माझा भाऊ पाहिजे, त्याची परवानगी नको.

मी दारात आहे.

ताई

१ मार्च

ति. वन्सं,

शिंपीणबाईंनी दुकानातून तुम्हाला फोन केला तेव्हा गेले एवढंच सांगितलं. कसं ते मी सांगायला हवं. तुम्ही शुक्रवारी याल तेव्हा घरात माणसं असतील, आणि मला तोंडानं बोलवणार नाही.

मधल्या दिवसांत हे रोज अंगणात बसत होते. खुर्च्या उचलू दिल्या नाहीत. "सारखं उचला-मांडा कशाला," म्हणायचे. लोक यायचे, बसायचे, गप्पा मारायचे. सुतार यायचा, ज्यांना ह्यांनी शहरात नेलं ते सगळे यायचे. हे दोन चमचे पाणी पिऊन हसायचे. मला वाटायचं, ही माणसं ह्यांना मरताना बघायला येतायत आणि हे त्यांना बसायला देतायत. मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे. देवाशी बोलणं मी बंद केलं होतं.

तुमचं पत्र आलं आणि माझ्या अंगात बळ आलं. काल सकाळी हे झोपेत असताना सगळ्या खुर्च्या मी स्वतः मिटल्या आणि गोदामात ठेवल्या. पैलवानानं टेम्पोत गादी घातली. हे खाली आले तर अंगण रिकामं.

"खुर्च्या कुठं गेल्या?"

"आत ठेवल्या. आपण ताईंकडं चाललोय."

माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं रागावतील. "तुझी फार इच्छा आहे?" म्हणाले. मी म्हटलं, आहे. "मग चल," म्हणाले. एवढंच. पैलवानानं उचललं, आणि उचलल्यावर तोंड फिरवलं, वजन किती उरलंय ते हाताला कळलं असणार.

वाटेत हे बरे होते. पडल्या पडल्या रस्ता सांगत होते. "आता वळण येईल, पेशंट डावीकडं घसरतो, धरून ठेव." मी धरलं. "आता उसाच्या गाड्यांनी उखडलेला भाग, पैलवानाला म्हणावं सावकाश." मग म्हणाले, "पुलाच्या अलीकडं एक मोठा खड्डा आहे. तिथं सगळे कळवळतात. डोकं मांडीवर घे माझं." मी घेतलं. त्यांनी डोळे मिटले. खड्डा आला, टेम्पो आदळला. मी दात आवळून धरलं होतं.

हे कळवळले नाहीत.

पैलवानानं पुलावर टेम्पो थांबवला आणि मागच्या खिडकीतून बघितलं. तो कधी काही विचारत नाही. काल विचारलं. "वहिनी, पुढं जाऊ का मागं?"

मी म्हटलं, "पुढं."

तो पुढं निघाला. वन्सं, मला सगळं कळलं होतं. तरी मी पुढं म्हटलं, आणि प्रत्येक खड्ड्याला ह्यांचं डोकं धरत राहिले, पेशंटचं धरतात तसं. तुम्ही दारात उभ्या होतात. सर्जन होते. कॉट होती. मला वाटत होतं, तिथवर पोहोचलं की ते काहीतरी करतील. तुमच्या शहराच्या गिरणीची चिमणी दिसायला लागली तेव्हा ह्यांचा हात माझ्या हातात गार झाला होता. मग मी म्हटलं, वळव.

म्हणजे जे ह्यांना नको होतं तेच मी केलं. झाकून आणलं, त्याच टेम्पोत. तुमच्यावर राग नाही माझा. तुमचं पत्र आलं नसतं तरी एक दिवस मी नेलंच असतं.

परत आलो तेव्हा फाटकात गर्दी होती. सगळे उभे होते. खुर्च्या मीच गोदामात ठेवल्या होत्या, नाहीतर आदल्या दिवसाच्या जागी असत्या. ह्यांना खुर्चीत बसल्या बसल्या, माणसांत, बोलता बोलता जायचं होतं, आणि गेले असते. ते मी होऊ दिलं नाही. आता देवाला मी काय मागू आणि कुठल्या तोंडानं मागू?

शिंपीणबाई म्हणतात, तुम्ही फोनवर एकच विचारलंत, कॉटचं काय करू. अजून सोडली नाही म्हणालात. सोडा, वन्सं. नावाचा कागद तुमच्या हातानं काढा, वॉर्डबॉयला ओढायला लावू नका. आणि ती कॉट कुणाला मिळाली, त्याचं काय झालं, हे मला कधी कळवू नका.

तुमची,
वहिनी